कार्टूनने भाच्याला हिंदी शिकवली. मग मराठी व्हिडिओ माझ्या मुलीला बोलते का करत नाहीत?

बंगळूरकर (धागाकर्ती)

आम्ही गेली सहा वर्षे बंगळूरला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरात मी आणि नवरा मराठी बोलतो, सोसायटीत इंग्रजी आणि हिंदी चालते, शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी कन्नड बोलतात. मुलीला मराठी यावी म्हणून ती दोन वर्षांची असल्यापासून आम्ही तिला रोज अर्धा-पाऊण तास मराठी गोष्टींचे आणि बडबडगीतांचे व्हिडिओ दाखवत आलो आहोत. ते निवडतानाही उच्चार शुद्ध आहेत का, चित्रे भडक तर नाहीत ना, हे पाहूनच निवडले. त्याचा परिणाम म्हणजे तिला मराठी उत्तम समजते. गोष्टीतला कोल्हा लबाडी करणार हे ती आवाजाच्या चढउतारावरून ओळखते आणि चित्र बदलण्याआधीच हसते. पण बोलायची वेळ आली की उत्तर इंग्रजीत येते, आणि फारच आग्रह केला तर 'मी गेला', 'मला नको पाहिजे' असे काहीतरी तुटक बोलून ती विषय संपवते.

इकडे बार्शीला माझ्या बहिणीचा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याच्या घरात, गल्लीत आणि बालवाडीत सगळा कारभार मराठीत चालतो, तरी तो हिंदी फर्डी बोलतो, आणि तीही थेट कार्टूनमधली, 'अरे मूर्ख, तुम यहाँ क्या कर रहे हो' या थाटाची. त्याला कोणी हिंदी शिकवायला बसले नव्हते. उलट 'बंद कर तो टीव्ही' एवढेच त्याच्या वाट्याला येत होते. म्हणजे जिथे शिकवायचा हेतू नव्हता तिथे पडद्याने भाषा शिकवली आणि जिथे तो हेतू ठेवून आम्ही अडीच वर्षे घालवली तिथे ती अर्ध्यावर अडली, असे का व्हावे?

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. एका व्हिडिओत एक ताई पक्ष्याचे चित्र दाखवून 'सांगा बरं, हा कोण?' असे विचारते, तीन-चार सेकंद थांबते आणि मग 'शाब्बास! कावळा!' असे म्हणते. पूर्वी माझी मुलगी मोठ्याने 'क्रो!' म्हणायची, तरी शाब्बासकी मिळायची आणि ती टाळ्या वाजवायची. गेल्या आठवड्यात ती काहीच न बोलता नुसती बसून राहिली, तरीही ताईने शाब्बासकी दिली. हे पाहून मी जरा चरकले. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा ज्यांच्या घरी असे काही घडले आहे त्यांनी कृपया लिहावे.

---

पाटीपेन्सिल

ताई, शेवटी लिहिलेल्या त्या शाब्बासकीतच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मी बालविकास हा विषय महाविद्यालयात शिकवते आणि हा मुद्दा दरवर्षी वर्गात येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी बारा वेळा मँडरिन चिनी भाषा ऐकवली. एका गटासमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून पुस्तके वाचून दाखवत असे आणि खेळणी हातात घेऊन बोलत असे. दुसऱ्या गटाला तेच सारे चित्रित करून पडद्यावर दाखवले. तिसऱ्या गटाला केवळ आवाज ऐकवला. पुढे इंग्रजीत नसलेला एक चिनी ध्वनिभेद बाळांना ओळखता येतो का याची चाचणी घेतली, तेव्हा प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेल्या बाळांना तो ओळखता आला, आणि पडदा पाहिलेली व आवाज ऐकलेली बाळे मात्र चिनी अजिबात न ऐकलेल्या बाळांच्या पुढे गेली नाहीत. शब्द तेच, वेळ तेवढाच, फरक होता तो समोरच्या माणसाचा.

हे झाले अगदी तान्ह्या मुलांचे. व्हर्जिनिया विद्यापीठातील जूडी डिलोच यांनी २०१० मध्ये बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांवर केलेला अभ्यास तर पालकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. बाळांना शब्द शिकवण्याचा दावा करणारा, बाजारात खपणारा एक व्हिडिओ मुलांनी महिनाभर घरी पाहिला. त्यांना आलेले शब्द तो व्हिडिओ न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त भरले नाहीत. सर्वांत जास्त शब्द आले ते ज्यांच्या पालकांना नुसती शब्दांची यादी देऊन 'रोजच्या व्यवहारात हे शब्द वापरा' असे सांगितले होते त्यांच्या मुलांना. आणि गंमत अशी की ज्या पालकांना तो व्हिडिओ स्वतःला आवडला होता, त्यांना आपले मूल त्यातून बरेच शिकले असे वाटत होते. हे मी तुम्हाला टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. माझ्या मुलाच्या वेळी मीही हेच केले आहे.

मात्र यावरून 'पडदा वाईट' असा निष्कर्ष काढू नये. २०१४ मध्ये सेरा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवून पाहिली. काही मुलांना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर आणि काहींना आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून शिकवले. व्हिडिओ कॉलवर मुले समोरासमोर बसल्यासारखीच शिकली आणि चित्रित व्हिडिओतून शिकली नाहीत. दोन्हीकडे पडदाच होता. फरक एवढाच की कॉलवरचा माणूस मूल काय बोलले ते ऐकून त्याप्रमाणे उत्तर देतो. तुमच्या व्हिडिओतली ताई 'क्रो'लाही शाब्बास म्हणते आणि मौनालाही. मुलीला हे कळले, आणि तिने उत्तर देणे सोडून दिले, यात मला तिची हुशारी दिसते.

आता समजते पण बोलता येत नाही, हे का होते ते पाहू. मराठीत 'तो पोपट उडाला', 'ती चिमणी उडाली', 'ते पाखरू उडाले' ही तीन वाक्ये ऐकताना क्रियापदाच्या शेवटाकडे लक्ष दिले नाही तरी काही बिघडत नाही, कारण कोण उडाले ते चित्रात दिसते. समजून घेणाऱ्याला लिंगाचा हिशेब करावाच लागत नाही. बोलणाऱ्याला मात्र तोंड उघडल्याबरोबर उडाला, उडाली की उडाले हे ठरवावे लागते. तुमची मुलगी 'मी गेला' म्हणते त्याचे कारण हेच असावे. हा निर्णय तिने अडीच वर्षांत फार थोड्या वेळा घेतला आहे. तो चुकतमाकत शेकडो वेळा घेतल्याशिवाय जमत नाही, आणि ऐकून कितीही साठा झाला तरी त्याची उणीव भरून निघत नाही. ती चुकली तर 'गेला नाही, गेली म्हण' असे सांगू नका. 'हो का, कुठे गेली होतीस?' असे विचारा, म्हणजे योग्य रूप तिच्या कानावर पडेल आणि बोलणेही पुढे चालू राहील.

---

उंबरठा

पाटीपेन्सिल यांनी दिलेले प्रयोग बरोबर आहेत, पण त्यांनी धागाकर्तीच्या भाच्याला सोयीस्करपणे बाजूला ठेवले आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला पडद्यावरून चिनी ध्वनी उमगले नाहीत म्हणून पाच वर्षांच्या मुलाला पडद्यावरून भाषा येत नाही, असे म्हणता येणार नाही. बार्शीचे उदाहरण अपवादात्मकही नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत बांगलादेश सरकारने हिंदीत भाषांतरित केलेल्या 'डोरेमॉन'च्या प्रक्षेपणावर बंदी घातली, कारण तिथली मुले त्यातून हिंदी उचलून घरात बोलू लागली होती. मुले पडद्यावरून काहीच शिकत नसती तर एका देशाच्या सरकारला ही उठाठेव करावी लागली नसती.

माझे म्हणणे असे आहे की धागाकर्तीच्या मुलीने मराठी शिकलेली आहे. ती वापरत नाही, एवढेच. शिकणे आणि शिकलेले वागण्यात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील मुलांवर केलेले बाहुलीचे प्रयोग पाठ्यपुस्तकात सगळेच वाचतात. मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बदडतो आणि ते पाहिलेली मुलेही बदडतात, इथवर ते लक्षात राहतात. पण १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यातला पुढचा प्रयोग इथे जास्त कामाचा आहे. मुलांना त्याच मारहाणीची फिल्म दाखवली, पण शेवट तीन तऱ्हेचे केले: एका गटाला मारणाऱ्याचे कौतुक झालेले दिसले, दुसऱ्याला त्याला शिक्षा झालेली दिसली आणि तिसऱ्याला यातले काहीच दिसले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी अनुकरण केले. मग सर्व मुलांना सांगितले की फिल्ममधल्या माणसाने केलेली जेवढी कृत्ये करून दाखवाल तेवढा खाऊ आणि चिकटचित्रे मिळतील. लगेच तिन्ही गटांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे शिक्षा पाहिलेली मुलेही तेवढेच शिकली होती. दाखवण्यात त्यांना फायदा दिसत नव्हता.

आता बंगळूरच्या घरात मराठी बोलण्याचा फायदा काय, ते बघा. मुलगी 'वॉटर' म्हणाली की पाणी मिळते. 'पाणी' म्हणाली तरी तेवढेच पाणी मिळते. मग तिने जास्तीचे कष्ट का घ्यावेत? आणि एक प्रश्न विचारतो, त्याचा राग मानू नये: घरात कोणती वाक्ये मराठीत येतात? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत 'दात घास', 'पटकन आवर', 'आता झोप', 'हात धुतलेस का' ही वाक्ये मराठीत असतात, आणि चित्र काढताना, केक करताना, बागेत खेळताना तेच आईबाप नकळत इंग्रजीवर जातात. मुलाच्या दृष्टीने मराठी ही हुकमाची भाषा ठरते. बार्शीच्या मुलासाठी हिंदी ही पराक्रमाची, गॅजेटांची, उडत्या माणसांची भाषा आहे. कोणती भाषा तोंडात यावी हे यावरून ठरते, शुद्ध उच्चार आणि सौम्य रंगसंगती यांवरून नव्हे.

---

राईनकाठ

उंबरठा यांच्या मुद्द्याला माझा दुजोरा आहे. आम्ही काही पालक मिळून जर्मनीत दर शनिवारी मराठी वर्ग चालवतो. वर्गात मुले बाराखडी म्हणतात, गोष्ट ऐकतात, प्रश्नांना मराठीत उत्तरे देतात, आणि मधली सुट्टी झाली की दाराबाहेर पाऊल टाकण्याच्या आत जर्मन सुरू होते. दोन वर्षांत मधल्या सुट्टीत आपसात मराठी बोललेली मुले मी एकदाच पाहिली. पुण्याहून सुट्टीसाठी आलेला एक चुलतभाऊ त्या दिवशी वर्गात आला होता आणि त्याच्याकडे सगळ्यांना हवे असलेले पत्ते होते.

---

गोदाकाठ

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे, म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. ती मुलांची नाही आणि भाषेचीही नाही, पण प्रश्न तोच आहे.

१९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली आणि प्रत्येक गावात शेतकऱ्यांचा एक श्रोतृगट उभा केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. असे वीस कार्यक्रम झाले. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंचावरून घेतलेली होती आणि सूत्र होते ऐका, चर्चा करा, कृती करा. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा, गटाने त्या विषयावर बोलायचे आणि चिटणीसाने चर्चेतले प्रश्न लिहून आकाशवाणीकडे पाठवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात.

आमचे गाव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होते आणि माझे वडील त्या गटात होते. मी दहा वर्षांचा असेन. चावडीत बॅटरीवरचा रेडिओ, शेजारी कंदील आणि भिंतीला टेकून बसलेली पंधरा-वीस माणसे हे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. कार्यक्रम चालू असताना काही जण पेंगत असत, हे मला चांगले आठवते. खरी रंगत यायची ती रेडिओ बंद झाल्यावर. 'तो बोलणारा सांगतो ते पाटाच्या पाण्यावर ठीक, आपल्या मुरमाड रानात काय करायचे?' असे कोणीतरी विचारी आणि मग पेंगणारेही जागे होत. चिटणीस शाळेतलेच गुरुजी होते. ते एका मांडीवर पाटी ठेवून तिच्यावर कागद धरून लिहीत, आणि लिहिता लिहिता 'हळू बोला रे, एकेकाने बोला' असे म्हणत. पुढच्या खेपेला रेडिओवर आमच्या प्रश्नासारखा प्रश्न आला की वडील घरी येऊन आईला पहिल्यांदा तेच सांगत.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. पॉल नॉयराथ हे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी केवळ गटांची गावे तपासली नाहीत. रेडिओ आहे पण गट नाही अशी गावे आणि रेडिओच नाही अशी गावेही त्यांनी तुलनेला घेतली, आणि कार्यक्रमांच्या आधी व नंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले. गट असलेल्या गावांत माहितीत मोठी वाढ झाली. गट नसलेल्या गावांत वाढ नगण्य होती, आणि त्यांत रेडिओ असलेली गावेही आली. माझ्या समजुतीप्रमाणे हाच त्या अभ्यासाचा गाभा आहे, कारण रेडिओवरचा आवाज दोन्हीकडे तोच होता.

१९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली. रेडिओ वाटणे सरकारला सोपे होते, पण गावोगाव कागद धरून लिहिणारे गुरुजी वाटता येत नाहीत, आणि गटांची संख्या वाढत गेली तसा त्यातला जीव कमी होत गेला, असे मी पुढे कृषी खात्यात नोकरी करताना पाहिले. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे त्याबद्दल मी अनुभवाने बोलू शकत नाही.

पाटीपेन्सिल आणि उंबरठा या दोघांचे म्हणणे मला एकमेकांविरुद्ध वाटत नाही. रेडिओ आमच्या गावात नसता तर चावडीत बोलायला विषय मिळाला नसता, आणि चावडी नसती तर रेडिओ ऐकून माणसे झोपली असती. बंगळूरकर ताई, तुमच्या घरात रेडिओ आहे. चावडीचे काय, एवढेच मला विचारायचे आहे. आणि बार्शीच्या मुलाची चावडी कुठे आहे, हेही तुमच्या बहिणीला विचारून बघा. असल्याशिवाय राहणार नाही.

---

चष्मा

गोदाकाठ काका, हकीकत फार आवडली, पण एक दुरुस्ती सुचवतो. चर्चेशिवाय काहीच शिकले जात नाही, हे सरसकट खरे नाही. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर देण्याची कल्पना १९९६ च्या सुमारास मांडली. आधी गुजराती गाण्यांवर आणि पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार'वर ती वापरली गेली. ज्यांची अक्षरओळख कच्ची आहे अशा प्रेक्षकांची नजर आपोआप शब्दांवर जाते, गाणे पाठ असल्यामुळे पुढचा शब्द आधीच माहीत असतो, आणि वाचन हळूहळू सुधारते. यात गट नाही, चिटणीस नाही आणि प्रश्नोत्तरेही नाहीत. माणूस केवळ गाण्याच्या आवडीने बसलेला असतो.

अर्थात हे वाचनाचे झाले. वाचन एकट्याने करता येते, बोलणे एकट्याने करता येत नाही, त्यामुळे धागाकर्तीच्या प्रश्नाला याचा थेट उपयोग नाही, हे मान्य आहे.

---

गोदाकाठ

दुरुस्ती मान्य आहे. शिवाय गाणे पाठ असणे ही मोठीच शिदोरी झाली. आमच्या श्रोत्यांना नांगर आणि बैल पाठ होते, रासायनिक खत पाठ नव्हते.

---

पाटीपेन्सिल

उंबरठा यांनी माझ्या प्रतिसादातली उणीव बरोबर दाखवली. वयाचा मुद्दा मी पुरेसा स्पष्ट केला नाही. तीन वर्षांनंतर मुले पडद्यावरून बऱ्यापैकी शब्द उचलतात, आणि हिंदी तर मराठीच्या इतकी जवळची आहे की अर्धे शब्द ओळखीचेच निघतात. चिनी ध्वनींशी तिची तुलना करायला नको होती. बांडुरांच्या त्या प्रयोगाचा उपयोगही इथे अगदी नेमका आहे.

मात्र 'शिकली आहे, वापरत नाही एवढेच' याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. बाहुलीला हातोडी मारण्याची क्रिया एकदा पाहून करता येते. उडाला-उडाली-उडाले तसे नाही. खाऊ देऊ केला म्हणून ते उद्या तोंडात येणार नाही. तिच्याजवळ शब्द आहेत, पण ते जोडण्याचा सराव नाही.

कूल यांच्याच गटाचा २०१८ चा एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. त्यात नऊ महिन्यांच्या बाळांनी स्पर्शपडद्यावर चिनी व्हिडिओ स्वतः सुरू करून पाहिले, काहींनी एकट्याने आणि काहींनी दुसऱ्या बाळासोबत. सोबत असलेल्या बाळांचे शिकणे एकट्यांपेक्षा सरस ठरले. व्हिडिओ तेच होते आणि शिकवणारे मोठे माणूस खोलीत नव्हते. शेजारी आणखी एक बाळ होते. काकांच्या चावडीचे हे सर्वांत लहान रूप म्हणायला हरकत नाही.

---

बंगळूरकर (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, राग अजिबात आला नाही. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी दोन दिवस स्वतःची वाक्ये मनात मोजत होते, आणि 'पटकन आवर' हे माझे वाक्य इतक्या वेळा आले की पुढे मी मोजणे सोडून दिले.

काकांच्या सांगण्यावरून बहिणीला फोन केला. ती म्हणाली, वाड्यात चार मुले आहेत आणि संध्याकाळी त्यांचा 'कार्टून-कार्टून' हा खेळ चालतो. प्रत्येकाने एकेक पात्र वाटून घेतले आहे, आणि पात्र झाले की हिंदीच बोलायचे असा नियमच आहे. कोणी मधेच मराठीत बोलले तर बाकीचे 'ए, तू आऊट' म्हणतात. गंमत म्हणजे भांडण लागले की पात्रे गळून पडतात, मराठी सुरू होते, आणि भांडण मिटले की 'चल, मी परत झालो हं' असे मराठीत जाहीर करून पुन्हा हिंदी. म्हणजे कार्टूनने त्याला शब्द दिले आणि त्या तिघांनी ते त्याच्याकडून रोज वदवून घेतले. मला बहिणीच्या घरातला टीव्ही दिसत होता, वाडा दिसत नव्हता.

आमच्याकडे वाडा नाही, पण मिरजेला आजी आहे. आजीला इंग्रजी येत नाही आणि मोतीबिंदूमुळे फोनच्या पडद्यावर नीट दिसतही नाही. आजवर मी आजी आणि मुलगी यांच्या मध्ये बसून दुभाष्याचे काम करत होते. या वेळी फोन मुलीच्या हाती दिला आणि स्वयंपाकघरात गेले.

मुलगी खेळण्यांच्या डब्यातला एकेक प्राणी कॅमेऱ्यासमोर धरत होती. विंचवाची पाळी आली तेव्हा तिने आधी 'स्कॉर्पियन' म्हणून पाहिले; आजी म्हणाली, 'काय गं बाई ते? मला काही कळलं नाही.' मग मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, 'त्याला नांगी आहे.' नांगी हा शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारलेला नाही. तो नक्की एका गोष्टीच्या व्हिडिओतला आहे, जो पाहून वर्ष तरी झाले असेल. आजीला ऐकू आले 'नंदी'. ती म्हणाली, 'नंदी होय! महादेवाच्या देवळातला?' त्यावर मुलगी चिडून म्हणाली, 'नंदी नाही आजी, नांगी! मागे असतो. तो चावतो ना, तसा.' आजी म्हणाली, 'अगं बाई, नांगी होय! मागे असते ती. नांगीनं डंख मारतो तो. विंचू तर नव्हे?' आणि मुलगी ओरडली, 'हां! विंचू! डंख मारतो!'

हे सगळे सात-आठ मिनिटे चालले. मधे तिने तीन वेळा 'मी गेला' म्हटले आणि आजीने एकदाही हटकले नाही; 'कुठं गेली होतीस गं?' असेच ती विचारत राहिली. पाटीपेन्सिल ताईंनी सांगितलेले तिला मी कळवले नव्हते, ती मुळात तशीच बोलते.

आता रोज साडेसहाला फोन लावायचा असे दोघींनी परस्पर ठरवले आहे. व्हिडिओ मी बंद केलेले नाहीत, पण काल आजीने नातीला विचारले की आज कोणती गोष्ट पाहिलीस, आणि ती सांगू लागली तेव्हा कोल्हा 'लबाड' होता हे तिला सांगता आले, पण तो 'पळाला' की 'पळाली' यावर अडली. आजीने वाट पाहिली. तेवढ्यात मिरजेला कुकरची शिट्टी झाली, आजी उठून गेली, आणि मुलगी फोनसमोर बसून एकटीच 'पळाला... पळाली... पळाला' असे पुटपुटत होती.